जुन्या ब्लॉकची पारख

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात लेख द्यायचा म्हटले की त्याच्याकडून अर्थसंकल्प, बँका किंवा शेअरबाजार यांपैकी काहीतरी अपेक्षिले जाते. माझा विषय मात्र एका जुन्या नळकांड्याचा आहे. यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलच्या सिलिंडरला आमच्याकडचे सगळे मेकॅनिक 'ब्लॉक' म्हणतात. शर्यतीचे इंजिन बांधायचे असेल तर असा ब्लॉक जुन्या बाजारातून घेताना त्यात काय पाहावे, एवढेच मला सांगायचे आहे. प्राध्यापकवर्गाने कंटाळा करू नये. पुढे घसाऱ्याचा प्रश्न येणार आहे.

ही गाडी १९८५ साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने भारतात आणली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे माझ्या वर्गातल्या एकाही मुलाचा त्या वेळी जन्म झालेला नव्हता. तरीही सकाळी कॉलेजच्या फाटकातून ती आत शिरली की पाठमोरी उभी असलेली मुलेसुद्धा न वळता सांगतात, 'आरएक्स आली.' तो टू-स्ट्रोकचा आवाज आणि मागे रेंगाळणारा जळक्या तेलाचा वास, दोन्ही आता दुर्मिळ झाले आहेत. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ताकद ११ अश्वशक्ती, आणि तीही इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेरे घेते तेव्हा. आजच्या गाड्यांपुढे हा आकडा काही मोठा नाही. पण गाडी हलकी, इंजिन साधे, आणि ताकद वाढवण्याच्या युक्त्या गावोगावच्या मेकॅनिकांना पाठ. म्हणून मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी आजही मुले तिच्याच मागे असतात. ट्रॅकसाठी, असे मी मुद्दाम म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या रूपात असा फेरफार करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि चालवूही नये.

माझ्या धाकट्या काकांचे बोअरिंगचे दुकान आहे. एक उभे बोअरिंग मशीन, एक होनिंगचे, एक जुना लेथ आणि भिंतीवर दोन भाषांतल्या उधारीच्या पाट्या. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकलो. त्यानंतर बिले लिहायला दुकानात बसू लागलो. गिऱ्हाईक अर्धे मराठी, अर्धे कन्नड, आणि मापे सगळ्यांची इंग्रजी-मराठी मिसळलेली. कोणी 'एक सूत' म्हणतो, कोणी 'दोन थाऊ', कोणी 'पाच पॉइंट'. बिल लिहिताना ही सगळी मापे मिलिमीटरमध्ये आणायचे काम माझ्याकडे आले आणि त्यातूनच हातात मायक्रोमीटर आला. गेली तीन वर्षे दुकानात येणारा प्रत्येक ब्लॉक आधी मी मोजतो, मग काका मोजतात. दोघांचा आकडा जुळला तरच मशीन सुरू होते.

आता घसारा. अकौंट्सच्या तासाला आपण यंत्रावर दरवर्षी ठरावीक टक्के घसारा काढतो आणि वहीतली किंमत खाली आणतो. मराठी शाळेतल्या माझ्यासारख्याला हा शब्द ऐकताच 'घासणे' आठवते. कन्नडमध्ये घसाऱ्याला 'सवकळी' म्हणतात आणि त्याच्याही पोटात झिजणेच आहे. दोन्ही भाषांनी यंत्राकडे नीट पाहून शब्द घडवले आहेत असे मला वाटते. इंग्रजी शब्दात फक्त किंमत घटते, काही घासत नाही. पण वहीतला घसारा वर्षांवर चालतो आणि ब्लॉकमधला घसारा वर्षांना विचारत नाही. दहा वर्षे गोठ्यात पडलेला ब्लॉक जवळजवळ कोरा निघू शकतो आणि दोन वर्षे एखाद्या हौशी हातात असलेला पार संपलेला. 'किती वर्षं जुना आहे?' असे कोणी विचारले की काका म्हणतात, 'वर्षं नको मोजूस, कट मोज.'

कट म्हणजे काय ते पाहू. आरएक्स १०० च्या ब्लॉकची बाहेरची बाजू अॅल्युमिनियमची, आत बिडाचा लायनर. या लायनरचा मूळ व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. गुणाकार केला की ९८ घनसेंटीमीटर भरतात. लायनर झिजला की तो पाव मिलिमीटरने मोठा कापायचा आणि तेवढा मोठा पिस्टन घालायचा. बाजारात दोन मिलिमीटर मोठ्या मापापर्यंतचे पिस्टन मिळतात. म्हणजे पाव पाव करत ५० पासून ५२ पर्यंत आठ कट. पासबुकात आठ रकमा ठेवलेल्या आहेत असे समजा; काढता येतात, भरता येत नाहीत. ५२ ला पोचले की घनफळ १०६ होते. आठ घनसेंटीमीटर फुकट मिळाले म्हणून काही मुले पहिल्याच फटक्यात शेवटचा कट मारून घेतात. लायनर पातळ झाला, तापल्यावर त्याचा गोलपणा टिकत नाही, आणि दुरुस्तीला पुढे जागा राहिली नाही, हे त्यांच्या हिशेबातच नसते. सगळा लायनर काढून नवा बसवता येतो, नाही असे नाही. पण त्याच्या खिडक्या जुन्या ब्लॉकशी तंतोतंत जुळवणारे कारागीर थोडे.

खिडक्या हा शब्द आला तेव्हा टू-स्ट्रोकचे मर्मही सांगून टाकतो. या इंजिनाच्या डोक्यात चारस्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना त्यांच्यावरून सरकतो आणि त्या उघडतो, झाकतो. जळका वायू बाहेर जाण्याची खिडकी किती उंचीवर आहे त्यावरून ती कधी उघडणार आणि किती वेळ उघडी राहणार हे ठरते. तिची वरची कड कानशीने उंच केली की ती लवकर उघडते व उशिरा मिटते. वरच्या फेऱ्यांवर इंजिन पिसाळल्यासारखे ओढते. खालच्या फेऱ्यांवर मात्र मरगळते. त्याला जोडीचा सायलेन्सर नसेल तर वरचा फायदाही मिळत नाही.

ही विद्या कुठून आली याचा इतिहास मला फार आवडतो. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावी एमझेड या मोटारसायकल कारखान्यात वाल्टर काडेन नावाचा अभियंता होता. टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाहेर पडणाऱ्या वायूत दाबाच्या लाटा असतात. सायलेन्सरचा आकार नेमका ठेवला तर तीच लाट परत येऊन निसटणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते, हे त्याने १९५०च्या दशकात करून दाखवले. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ घनसेंटीमीटरच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळाला आणि ते ज्ञान घेऊन जपानात सुझुकीकडे गेला. १९६२ साली सुझुकीने ५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवले. आमच्या गल्लीतला मेकॅनिक फुगीर सायलेन्सरला ठोके देत असतो तेव्हा त्याला काडेनचे नाव ठाऊक नसते. पण तो ठोकतो ती गोष्ट त्शोपाऊचीच.

आता मूळ गोष्टीकडे. माझ्या बाकावरचा मित्र गोकाक तालुक्यातला, घरी कन्नड, माझ्याशी मराठी-कन्नड जे तोंडात येईल ते. त्याच्या वडिलांची आरएक्स घरी उभी होती. तेलाचा पंप कोणीतरी काढून टाकलेला. पेट्रोलात तेल मिसळायचे एकदा राहून गेले आणि पिस्टन धरला. लायनरला उभा तडा गेला होता, त्यामुळे तो ब्लॉक बाद. मित्राला ती गाडी नुसती चालू करायची नव्हती. त्याला ती मातीच्या शर्यतीसाठी बांधायची होती. शिष्यवृत्तीचे आठ हजार नुकतेच खात्यात जमा झालेले. त्यातून पुढच्या सत्राची फीही भरायची होती, हे त्याने मला सांगितले नव्हते. मला ते ऑफिसच्या खिडकीवरच्या यादीतून कळले.

जुने भाग विकणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचे नाव लिहीत नाही. आमच्या दुकानात येणाऱ्या कामापैकी मोठा वाटा त्यांच्याकडून येतो, म्हणून काका त्यांना 'सावकार' म्हणतात आणि चहा बाहेरून मागवतात. त्यांनी एक ब्लॉक दुकानात आणून मित्रापुढे ठेवला. काळा मुलामा दिलेला, फिन चकचकीत, पोर्ट आरशासारखे घासलेले. 'जपानी माल आहे. एकच बोअर झालाय. पोर्टिंग तयार. साडेसात.' पहिल्या काळातल्या गाड्यांचे भाग जपानातून आलेले होते हे खरे, आणि त्या ओतकामाला मान आहे हेही खरे. पण बाजारात इतके ब्लॉक 'जपानी' म्हणून फिरतात की तेवढ्या गाड्या जपानने पाठवल्या असत्या तर तिकडे आज एकही उरली नसती.

माझा मित्र त्या ब्लॉकवरून हात फिरवत होता. मला म्हणाला, 'काय बघूलास एवढं? घेऊन टाकू की.' काकांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, 'माप सांग. मत सांगू नकोस.'

मी पहिल्यांदा मोजत नाही, ऐकतो. ब्लॉक एका बोटावर टांगून फिनला लाकडाच्या दांड्याने हलके टिचकावतो. लायनर घट्ट असेल तर स्वर लांबतो. सैल किंवा तडकलेला असेल तर आवाज बसका येतो. हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण कुठे अधिक बारकाईने पाहायचे ते कळते. या ब्लॉकचा आवाज ठीक होता. मग पोर्टमध्ये विजेरी धरली. लायनरची खिडकी आणि तिच्या मागची अॅल्युमिनियमची वाट एकाच रेषेत असायला हवी. इथे एका बाजूला लायनरची कड केसभर पुढे आलेली होती. म्हणजे हा लायनर मूळचा नव्हता, किंवा कधीतरी तापून जागचा फिरला होता. वरून पॉलिश केलेले असल्याने ती पायरी बोटाला लागत नव्हती, पण सावलीत दिसत होती.

मग रिंगची परीक्षा. ही मला सगळ्यांत आवडते, कारण तिला महागडे साधन लागत नाही आणि तिच्यात सातवीचे गणित आहे. नवी रिंग ब्लॉकमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजच्या पट्ट्यांनी मोजायची. एकदा पोर्टांच्या खाली, जिथे झीज कमी, आणि एकदा पोर्टांच्या वर, जिथे रिंग थांबून उलट फिरते आणि भिंत सगळ्यांत जास्त खाते. रिंग गोल आहे, म्हणून फटीतला फरक हा परिघातला फरक, त्याला ३.१४ ने भागले की व्यासातला फरक हाती येतो. मी ५०.२५ ची रिंग घातली तर ती आत लोळू लागली. पाऊण, एक, सव्वा अशा रिंगा घालत गेलो आणि शेवटी दीड मिलिमीटर मोठी रिंग बसली. खाली फट ०.४०, वर ०.५३. फरक तेरा शतांश. व्यासात चार शतांश. बोअर गेजनेही तेच सांगितले: खाली ५१.५०, वर पुढून मागे ५१.५४.

मी आकडे मोठ्याने वाचले. सावकार म्हणाले, 'एक बोअर म्हणजे शेवटचा एक बोअर, असं म्हणालो मी.' काका काही बोलले नाहीत. मित्र बोटांवर मोजत होता. आठांपैकी सहा कट काढून झालेले, झीज झाली असल्याने सातवा लगेच घ्यायला हवा, उरला एक. शर्यतीचे इंजिन रोजच्या गाडीसारखे वर्षानुवर्षे चालत नाही. त्याला तापवायचे, ताणायचे, खोलायचे आणि पुन्हा बांधायचे असते. ज्याला एका वर्षात दोन वेळा ब्लॉक उघडावा लागणार त्याच्या हाती एक कट ठेवून काय उपयोग?

खरे दुखणे मात्र बोअरमध्ये नव्हते. ते त्या आरशासारख्या पोर्टांत होते, ज्यांचे सावकार जास्त पैसे मागत होते.

दुकानात एक अगदी अस्पर्श ब्लॉक आहे. त्याला कोणी कानस लावलेली नाही. काका तो विकत नाहीत. तो आमचा नमुना. एखाद्या ब्लॉकचे पोर्ट पाहायचे असले की कागदाची सुरळी करून आत सरकवायची, भिंतीला चिकटवून पेन्सिलीची शिसे घासायची; खिडक्यांच्या कडा कागदावर उमटतात. कागद उलगडला की सगळा ब्लॉक चौकोनी नकाशासारखा टेबलावर येतो. नमुन्याचा कागद मी खतावणीच्या पुठ्ठ्यात जपून ठेवला आहे. त्याच्यावर या ब्लॉकचा कागद ठेवून खिडकीच्या काचेला धरला. बाहेरच्या पोर्टची वरची कड नमुन्यापेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर उंच होती, आणि डावा कोपरा उजव्यापेक्षा आणखी अर्ध्याने. रुंदीही वाढवलेली. कडांना उतार दिलेला नव्हता. रिंग दर फेऱ्याला तिथे बाहेर डोकावणार आणि धारदार कडेवर आपटणार. शिवाय ब्लॉकची एकूण उंची व्हर्निअरने घेतली तर नमुन्यापेक्षा ०.८ मिलिमीटर कमी. कोणीतरी वरून किंवा खालून लेथवर कापले होते. खालून कापले की सगळ्या खिडक्या एकदम खाली येतात. मग त्या पुन्हा उंच करायला कानस. मग पुन्हा दुसरे काहीतरी. एकाने केलेला हिशेब दुसऱ्याने खोडून वर तिसऱ्याने लिहिलेला.

पोर्टिंग तयार मिळाले तर काम वाचले, असे मुलांना वाटते. मला वाटते शर्यतीसाठी घ्यायचा ब्लॉक हा पोर्टिंग न केलेलाच हवा. कापलेले परत लावता येत नाही. दुसऱ्याने कुठल्या सायलेन्सरसाठी, कुठल्या कार्बोरेटरसाठी, कुठल्या ट्रॅकसाठी कापले ते आपल्याला ठाऊक नसते. बहुधा त्यालाही नसते. मातीवर वळणातून बाहेर येताना मधल्या फेऱ्यांवर ओढ लागते. ती घालवून फक्त सरळ रस्त्यावर किंचाळणारा ब्लॉक साडेसात हजारांना घ्यायचा, म्हणजे दुसऱ्याचा खर्च आपल्या वहीत जमा म्हणून लिहायचा.

यातले अखेरचे मी काही बोललो नाही. फक्त मापे कागदावर लिहून तारीख घातली आणि कागद टेबलावर ठेवला. सावकारांनी तो वाचला. 'पोराला शिकवलंत चांगलं,' असे काकांना म्हणाले, ब्लॉक पिशवीत घातला आणि गेले. चहा अर्धाच प्यायला होता. त्यानंतर दोन महिने त्यांच्याकडून एकही काम आले नाही. काकूंनी एकदा जेवताना विचारले, 'एवढं मोठ्यानं वाचायची गरज होती का रे?' काकांनी ताटातून मान वर न करता सांगितले, 'माप हळू वाचलं तर बदलतं काय?' विषय तिथे मिटला, पण महिन्याचे बिल मी लिहितो, त्यामुळे तो खड्डा किती होता हे मला ठाऊक आहे.

कोणाला वाटेल, एका ब्लॉकसाठी एवढे कशाला? माझा मावसभाऊ गेल्या पावसाळ्याआधी ऐंशीच्या वेगात जात असताना त्याच्या गाडीचा पिस्टन धरला. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन धरला की मागचे चाक त्याच क्षणी जाम होते. क्लच ओढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गाडी आडवी झालेली असते. त्याच्या मनगटात अजून पट्टी आहे. तो आता दोन बोटे सतत क्लचवर ठेवून चालवतो, आणि सायकलवर बसला तरी डाव्या हाताची दोन बोटे तशीच पुढे काढलेली असतात.

दुसरा ब्लॉक मित्रालाच सापडला, गावाकडच्या भंगारवाल्याकडे. बावीसशे रुपये. त्याने तो पोत्यात गुंडाळून एसटी स्टँडवरून थेट दुकानात आणला. दोन फिन मोडलेल्या, पोर्टात कुंभारमाशीने केलेले मातीचे घर, एका बोल्टची आटी गेलेली. बाहेरच्या पोर्टच्या बाजूला भिंतीवर दोन चकाकत्या उभ्या रेघा, म्हणजे यातही कधीतरी पिस्टन धरलेला. मित्र थोडा ओशाळला होता. मला विचारले, 'एन नोडाकत्ती?' काय पाहतोस, म्हणजे बोलत का नाहीस.

मी बोअर गेजकडे पाहत होतो. खाली ५०.२६, वर ५०.२९. एकच कट झालेला. कागदाची सुरळी घातली, नकाशा काढला, नमुन्यावर ठेवला. सगळ्या कडा जुळल्या. कानस लागलेलीच नव्हती. उंचीही पूर्ण. लायनरच्या खिडक्या मागच्या वाटांशी सरळ रेषेत.

राहिल्या त्या रेघा. पिस्टन धरतो तेव्हा त्याचे अॅल्युमिनियम वितळून बिडाच्या भिंतीला चिकटते. नुसते चिकटलेले असेल तर धोका नाही, भिंत फाटली असेल तर आहे. दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात. काकांनी काडीला कापूस गुंडाळून मिठाचे आम्ल घेतले आणि फक्त रेघांवर लावले, बाहेरच्या अॅल्युमिनियमला थेंबही लागू न देता. आम्ल अॅल्युमिनियम भराभर खाते आणि बिडाकडे सावकाश जाते. बुडबुडे आले, थांबले, लगेच पाण्याने धुऊन तेल लावले. एक रेघ पुसली गेली. दुसरीच्या जागी बारीक खाच राहिली. नख आडवे फिरवले की अडकत होते.

'एष्ट उळदद?' मित्राने विचारले. किती उरले आहे. एरवी तो मला असा प्रश्न परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासक्रमाबद्दल विचारतो.

मोडलेल्या फिनांचे काय, असे तुम्हीही विचाराल. फिन उष्णता बाहेर टाकतात, म्हणून त्या असलेल्या बऱ्याच. पण दोन फिनांची टोके मोडली म्हणून ब्लॉक बाद होत नाही. तुटलेली कड घासून गुळगुळीत करायची, म्हणजे तिथून चीर पुढे जात नाही. बोल्टच्या भोकात नवी आटी बसवता येते. हे सगळे दुरुस्त होणारे दोष. पहिल्या ब्लॉकमध्ये दुरुस्त होणारा एकही दोष नव्हता, म्हणूनच तो इतका सुंदर दिसत होता.

बोअर करण्याआधी पिस्टन आणावा लागतो, हे बऱ्याच जणांना उलटे वाटते. खोक्यावर काहीही छापलेले असो, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्यापेक्षा केसाच्या जाडीहूनही कमी एवढी मोकळीक ठेवून भिंत कापायची असते. मोकळीक कमी पडली तर तापल्यावर धरणार, जास्त झाली तर पिस्टन खडखडणार. मित्राने ५०.५० चा पिस्टन आणला. ५०.२६ वरून ५०.५० ला जाताना भिंतीतून प्रत्येक बाजूला बारा शतांश मिलिमीटर निघणार. खाच त्याहून उथळ असेल तर ती जाईल. काका म्हणाले, 'मशीनलाच विचारू.'

परवा दुपारी ब्लॉक मशीनवर चढवला. बिडाचा काळा भुगा पडू लागला की दुकानात पेन्सिलीच्या शिसासारखा वास येतो, कारण बिडात ग्रॅफाइटच असते. तेच त्याला घासणीत तग धरायला मदत करते. ५०.४५ ला काकांनी मशीन थांबवले, भिंत पुसली आणि विजेरी माझ्या हातात दिली. खाच बरीचशी गेली होती. पण बाहेरच्या पोर्टच्या खाली, करंगळीच्या नखाएवढ्या लांबीत, तिची सावली अजून दिसत होती. रोजची गाडी असती तर काकांनी ती तशीच सोडली असती आणि मीही सोडा म्हणालो असतो. शर्यतीसाठी रिंगला दर मिनिटाला हजारो वेळा तिच्यावरून जायचे आहे.

काकांनी मित्राकडे पाहिले. 'पन्नासवर थांबू, की पंच्याहत्तरला जाऊ? ब्लॉक तुझा आहे.'

मित्राने विजेरी घेतली, वाकून बराच वेळ पाहिले. मग पुन्हा बोटे मोजली. ५०.७५ म्हणजे तिसरा कट. घनफळ १०१ होईल, त्याचे त्याला काही नव्हते. 'इन्ना ऐद अदाव,' तो म्हणाला. अजून पाच आहेत.

पिस्टनचे खोके उघडले होते, पण रिंगा कागदातून काढलेल्या नव्हत्या, त्यामुळे दुकानदार बदलून देईल अशी आशा होती. ते खोके शर्टात घालून तो माझ्या सायकलवरून बाजारात गेला. आणि मशीनखालचा भुगा डब्यात भरून ठेवायला काकांनी मला सांगितले.